सगळं ‘बॉर्डरलाइन’ असताना हृदयाची भिंत जाड कशी झाली?

पत्र (थोडं छाटून देतेय):

“मॅडम, वय ४८. बीपी सहा वर्षांपासून आहे, ॲटेनोलॉल ५० ची एक गोळी चालू आहे, कधीकधी राहून जाते, खोटं कशाला बोलू. घरी मोजलं की वरचं १४० ते १४५, खालचं ८८-९०. वजन ७०, उंची १५५, पोटाचा घेर ९४ सेंमी. उपाशीपोटी साखर ११४, एचबीएवनसी ६.१, ट्रायग्लिसराइड २१२, एचडीएल ३८, एलडीएल ११८. दर वेळी एकच ऐकते, बॉर्डरलाइन आहे, बघू पुढे. आता जिना चढताना दम लागतो म्हणून टूडी इको केला तर ‘माइल्ड कॉन्सेंट्रिक एलव्हीएच, ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन, ईएफ ६० टक्के’. डॉक्टर म्हणाले पंपिंग उत्तम, काळजी नको. दीर म्हणतात हृदय वाढलं म्हणजे आता फेल होणार. खरं कोणाचं? बीपी एवढंही जास्त नाहीये, मग हे झालंच कसं? साखर-चरबीचा याच्याशी संबंध आहे का? आणि ही जाडी परत कमी होते का? नवरा म्हणतो मी घोरते फार, तेही लिहून टाकते. ता. क. मुलगी २२ वर्षांची, तिचंही वजन जास्त आहे, तिचं बीपी बघू का? – एक बॉर्डरलाइन बाई”

ताई, तुमची सही वाचून आधी हसू आलं आणि मग रागच आला, तुमचा नाही, त्या शब्दाचा. बॉर्डरलाइन म्हणजे आपल्याकडे ‘अजून काही झालं नाही’ असं ऐकू येतं. तुमचे आकडे मी एका कागदावर एकाखाली एक लिहिले, तुम्हीही लिहून बघा. कंबर ९४, दक्षिण आशियाई बायकांसाठी हद्द ८० ची. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१२, हद्द १५०. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३८, बायकांमध्ये ५० च्या वर हवं. उपाशीपोटी साखर ११४, हद्द १००. बीपी १४०/९०, इथे हद्द १३०/८५ आणि बीपीची गोळी चालू असेल तर ही अट तशीही पूर्ण धरतात. या पाचांपैकी तीन जरी असले तरी त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, तुमचे पाचही आहेत. प्रत्येक रिपोर्ट वेगळ्या दिवशी आला, वेगळ्या कोणीतरी बघितला, त्यामुळे बेरीज करायची राहून गेली एवढंच.

आता दीर की डॉक्टर. दोघंही अर्धे बरोबर आणि अर्धे चूक. एलव्हीएच म्हणजे हृदय ‘मोठं’ झालं नाहीये, त्याच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड झालीये. फेल होणार वगैरे काही ठरलेलं नाही, दिरांना सांगा जरा धीर धरा. पण ईएफ ६० आहे म्हणून काळजीच नको, हेही मला पटत नाही, कारण ईएफ फक्त एवढंच सांगतं की आत आलेल्या रक्तातलं किती टक्के बाहेर फेकलं. आत किती सहज आलं, त्यासाठी आत किती दाब साचला, याबद्दल तो आकडा गप्प असतो. आणि तुमचा त्रास बहुतेक तिथेच आहे.

मी रोज इको करते, त्यामुळे हे डोळ्यांसमोर असतं. पेशंट डाव्या कुशीवर, बरगड्यांवर गार जेल, प्रोब टेकवला की स्क्रीनवर ती भिंत धडधडताना दिसते, मग चित्र थांबवायचं आणि कर्सरने भिंतीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढायची. बाईच्या हृदयात ही भिंत साधारण ६ ते ९ मिलीमीटर असते, तुमच्या रिपोर्टच्या मागच्या पानावर दोन्ही भिंती ११ लिहिल्यात आणि आतली पोकळी ४५. म्हणजे पोकळी नॉर्मल, भिंत जाड, यालाच कॉन्सेंट्रिक म्हणतात. दोन मिलीमीटरने काय होतं असं वाटेल, पण स्नायूचं वजन काढायचा जो फॉर्म्युला आहे त्यात ही मापं घनात जातात, म्हणून छोटा फरक फुगतो. तुमच्या आकड्यांवरून वजन येतं साधारण १७५ ग्रॅम, शरीराच्या आकाराला भागलं की चौरस मीटरला १०१, आणि बायकांची हद्द ९५. म्हणजे माइल्ड हा शब्द बरोबरच आहे, फक्त माइल्ड म्हणजे शून्य नाही.

बीपी एवढंही जास्त नसताना झालंच कसं, हा तुमचा खरा प्रश्न. पहिली गोष्ट, १४५/९० हे ‘एवढंही’ नाहीये. चाळीस ते सत्तर या वयात ११५/७५ पासून पुढे वरचं बीपी दर २० ने किंवा खालचं दर १० ने चढलं की हृदयविकाराने आणि स्ट्रोकने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होत जातो, मोठमोठ्या अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ साली हे मांडलं गेलं. आणि हृदय दिवसाला लाखभर वेळा ठोकतं, प्रत्येक ठोक्याला थोड्या जास्त दाबाविरुद्ध दार ढकलायचं, असं सहा वर्षं. हृदयाच्या स्नायूच्या पेशी वाढून दुप्पट होत नाहीत, आहेत त्याच जाड होतात. जाड भिंतीत तोच दाब जास्त जाडीवर वाटला जातो म्हणून प्रत्येक पेशीवरचा ताण कमी होतो, म्हणजे सुरुवातीला हे हृदयाचं शहाणपणच असतं. गडबड नंतर होते, कारण स्नायू जाड झाला तरी त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या त्या प्रमाणात वाढत नाहीत, आणि पेशींच्या मधल्या जागेत चिवट धाग्यांचं जाळं जमायला लागतं, त्याला फायब्रोसिस म्हणतात.

पण नुसत्या बीपीने सगळं समजत नाही. दोन माणसांचं बीपी अगदी सारखं, तरी एकाची भिंत जाड आणि दुसऱ्याची नाही, हे मी आठवड्यातून कितीतरी वेळा बघते, आणि जाड भिंतवाल्याचा पोटाचा घेर आणि साखरेचा कागद मागून घेतला की बरेचदा उत्तर तिथेच सापडतं. तुमच्या साखरेचा, चरबीचा, पोटाचा आणि बीपीचा मामला आतून एकच आहे. मुळाशी असतो इन्सुलिन रेझिस्टन्स. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन ओततं, त्यामुळे साखर अनेक वर्षं फक्त ११०-११५ लाच अडकलेली दिसते आणि आपण म्हणतो, बघा, डायबेटिस नाहीये. पण ते जास्तीचं इन्सुलिन रिकामं बसत नाही ना. किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं, सिंपथेटिक नसांना (ठोके आणि दाब वाढवणाऱ्या) चिथावतं, म्हणजे बीपी वर. शिवाय इन्सुलिन हा वाढीचा सिग्नलही आहे, हृदयाच्या स्नायूलाही तो ऐकू जातो. पोटातली चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं पोतं नाही, ती अँजिओटेन्सिनोजेन बनवते, त्याच्यापासून पुढे अँजिओटेन्सिन टू तयार होतं, ते नळ्या आवळतं, अल्डोस्टेरॉन हे मीठ धरून ठेवणारं हॉर्मोन वाढवतं, आणि हे दोघं मिळून हृदयात ते चिवट धागे विणायला मदत करतात. लिव्हरकडे फॅटी ॲसिड जास्त गेली की तिथून ट्रायग्लिसराइड जास्त बाहेर पडतात आणि एचडीएल खाली येतं, म्हणून ही जोडी (एक वर, एक खाली) दिसली की मी आधी पोटाकडे बघते. या सगळ्याची मोळी बांधून जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली एका व्याख्यानात तिला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं होतं. गंमत म्हणजे त्यांच्या त्या यादीत लठ्ठपणा नव्हताच, पोटाचा घेर नंतरच्या व्याख्यांमध्ये आला.

तर बीपी बाहेरून ढकलतंय आणि हे सगळं आतून. दोन्ही बाजूंनी.

आता दम का लागतो. हृदयाचं सैल पडणं आपोआप होतं असं आपल्याला वाटतं, तसं नाहीये, आकुंचनानंतर पेशीतलं कॅल्शियम परत पंप करून आत साठवावं लागतं आणि त्याला शक्ती लागते. जाड, चिवट, थोडा उपाशी स्नायू आधी इथेच कमी पडतो, आणि इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये तर बीपी नसतानाही हे सैल पडणं बिघडलेलं सापडतं. ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन म्हणजे हेच, सैल पडायला वेळ लागतो. (चाळिशी-पन्नाशीनंतर हे वाक्य पुष्कळ रिपोर्टवर दिसतं, एकटं असेल तर मीही त्याचा बाऊ करत नाही, पण जाड भिंतीबरोबर आलं की करते.) बसल्या जागी त्याला वेळ मिळतो म्हणून काही जाणवत नाही. जिना चढताना ठोके वाढतात, दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो, कप्पा भरायला सवडच मिळत नाही, मग दाब मागे डाव्या वरच्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसांत चढतो. हे वर्षानुवर्षं चाललं की तो वरचा कप्पा ताणला जातो आणि एट्रियल फिब्रिलेशन नावाची अनियमित धडधड सुरू होऊ शकते, तिच्यातून स्ट्रोकचा धोका येतो. रिपोर्टमध्ये ‘एलए व्हॉल्यूम इंडेक्स’ शोधा, ३४ पर्यंत असेल तर छान. अर्थात वजन, हिमोग्लोबिन, सवय सुटलेली असणं यांनीही दम लागतो, आणि या वयात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विचारही तुमच्या डॉक्टरांनी एकदा करायला हवा, सगळं माझ्या लाडक्या भिंतीवर ढकलायला नको.

जाडी परत कमी होते का? होते. पूर्ण नॉर्मल होईल असं वचन देत नाही, पण कमी होते, आणि ज्यांची कमी होते त्यांचं पुढचं आयुष्य ज्यांची होत नाही त्यांच्यापेक्षा बरं जातं. इथे तुमच्या गोळीबद्दल बोलते, नीट वाचा. २००२ साली ‘लाइफ’ नावाचा अभ्यास आला, ९,१९३ लोक, सगळ्यांना बीपी आणि ईसीजीवर एलव्हीएच. निम्म्यांना लोसार्टन (एआरबी जातीची बीपीची गोळी), निम्म्यांना ॲटेनोलॉल, म्हणजे तुमचीच गोळी. दोन्हीकडे बीपी जवळपास सारखंच उतरलं, तरी लोसार्टनवाल्यांत स्ट्रोक २५ टक्के कमी झाले, भिंतीची जाडीही जास्त उतरली आणि नव्याने डायबेटिस होणंही २५ टक्के कमी झालं. बीटा ब्लॉकर (ॲटेनोलॉल त्यातलंच) वाईट औषध नाही हो, हार्ट अटॅकनंतर, अंजायनात (हृदयाला रक्त कमी पडून छाती दुखते त्यात), काही धडधडीत तेच लागतं. पण नुसत्या बीपीसाठी, त्यात साखर वर सरकतेय, ट्रायग्लिसराइड २१२, अशा बाईला ते पहिल्या पसंतीचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, ‘मला ॲटेनोलॉल कशासाठी दिलंय? एआरबी किंवा एसीई इन्हिबिटर, जोडीला लागलं तर ॲम्लोडिपिन, असं चालेल का?’ आणि माझं वाचून गोळी आज रात्रीपासून बंद, असं करायचं नाही म्हणजे नाही, ॲटेनोलॉल एकदम सोडलं की ठोके आणि बीपी उसळतात, ते हळूहळूच कमी करतात. नवीन गोळी सुरू झाली की काही आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियम तपासायचं. पाळी अजून चालू असेल तर तेही सांगा, एआरबी आणि एसीई गरोदरपणात चालत नाहीत.

गोळी राहून जाते म्हणालात. मलाही बीपी आहे आणि माझीही राहायची, डॉक्टर असून. शेवटी टूथब्रशच्या ग्लासात पट्टी ठेवायला लागले, तेव्हापासून राहत नाही.

वजनाचं सांगायला मला संकोच वाटतो, कारण तुम्ही ते सगळीकडून ऐकत असणार. म्हणून आकड्यातच सांगते. अमेरिकेत डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम झाला, तुमच्यासारख्याच, साखर वर सरकलेल्या ३,२३४ लोकांवर. ज्यांना ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे लक्ष्य दिलं त्यांच्यात डायबेटिस ५८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. तुमचे ७ टक्के म्हणजे पाच किलो. वीस नाही, पाच. एक किलो उतरलं की बीपी साधारण एक पॉइंटने उतरतं असा ढोबळ हिशोब आहे, आणि वजन उतरलं की हृदयाच्या स्नायूचं वजनही उतरतं, हे बीपी आणि जास्त वजन असलेल्यांमध्ये मोजून बघितलेलं आहे. ट्रायग्लिसराइड तर पटकन ऐकतं, साखर, गोड पेयं, मैदा आणि दारू कमी केली की दोन-तीन महिन्यांत कागदावर फरक दिसतो. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात पॅकेटमधलं लपलेलं मीठही धरायचं. पोटॅशियमवालं ‘लो सोडियम’ मीठ मात्र एआरबी चालू असेल किंवा किडनीचा प्रश्न असेल तर विचारल्याशिवाय आणू नका. व्यायामात चालणं उत्तम, वजनंही उचला, फक्त श्वास कोंडून जोर लावायचा नाही.

घोरणं तुम्ही शेवटी सहज लिहिलंत, पण मला ते अख्ख्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य वाटलं. नवऱ्याला एक नेमकं विचारा, घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो का आणि मग दचकून, घुसमटल्यासारखा परत सुरू होतो का? हो म्हणाले तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या. रात्री बीपी १० ते २० टक्के उतरायला हवं, ॲप्नियात ते उतरत नाही, म्हणजे हृदयाला रात्रपाळीही करावी लागते, आणि असं असेल तर दिवसा कितीही गोळ्या वाढवा, बीपी हट्टाने वरच राहतं.

आणि बीपी मोजता कसं? घाईघाईत, बोलता बोलता, बाहीवरून कफ गुंडाळून? पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत, दंड उघडा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, सलग सात दिवस. पहिला दिवस सोडून द्यायचा, बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी १३५/८५ च्या वर सरासरी आली तर ते बीपी जास्तच आहे, आणि उपचाराचं लक्ष्य तुमच्यासारख्यांत बहुतेक १३०/८० च्या खाली ठेवतात. मधे अंगदुखीच्या गोळ्या घेत असाल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यांनी बीपी चढतं.

एक तपासणी तुमच्या यादीत दिसली नाही, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. ३० च्या वर आलं तर हृदयाबरोबर किडनीनेही मार खाल्लाय असं समजायचं आणि गोळी बदलण्याचं कारण आणखी पक्कं होतं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ हे फार वाटणार नाही, पण पाचही गोष्टी हद्दीबाहेर असताना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) लागेल का हे त्या एका आकड्यावर ठरत नाही, एकूण धोका बघून ठरतं, तेही याच भेटीत विचारून घ्या.

इको मात्र दर तीन महिन्यांनी करू नका हां. मघाशी सांगितलेला तो कर्सर, तो माणूस हाताने ठेवतो. तुमच्याच दोन्ही भिंती कोणी ११ च्या जागी १२ मोजल्या तर वजन १७५ वरून १९८ ग्रॅम होतं, आणि तुम्ही रात्रभर झोपणार नाही, प्रत्यक्षात तुमच्या हृदयाला काहीही झालेलं नसताना. वर्षभर बीपी नीट ताब्यात ठेवा आणि मग करा, जमलं तर त्याच मशीनवर, त्याच माणसाकडून. मधल्या काळात प्रगती बघायची तर कंबरेची टेप आणि बीपीची वही पुरते.

थांबायचं नाही अशा गोष्टी: आडवं झाल्यावर दम लागून उठून बसावं लागणं, छातीत दाबल्यासारखं दुखणं, चक्कर येऊन पडणं, नाडी अचानक वेडीवाकडी लागणं, हात-पाय किंवा बोलणं लुळं पडणं. यात आधी मला पत्र लिहीत बसू नका, थेट हॉस्पिटल.

राहिली मुलगी. हो, बघा तिचं बीपी, बावीस हे लहान वय नाही त्यासाठी, आणि कंबर, उपाशीपोटी साखर, लिपिड हेही एकदा होऊन जाऊ दे. पाळी अनियमित असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, पीसीओएस (पाळी बिघडवणारा हॉर्मोनचा त्रास) आणि इन्सुलिन रेझिस्टन्स पुष्कळदा जोडीने येतात. तिला वजनावरून सुरुवात करू नका, ‘माझं मोजतेय, तुझंही मोजू’ एवढंच म्हणा. कफ मात्र तिच्या दंडाच्या मापाचा घ्या, लहान कफ जाड दंडावर ओढून बसवला की आकडा उगाच जास्त येतो, आणि घाबरण्यासारखं काही नसताना पोरगी घाबरते.